डार्करूममधला चोर

शरच्चंद्र माणूस वाईट नव्हता, पण एकदा डोक्यात किडा शिरला की तो बाहेर काढणं त्याच्या स्वतःच्याही हातात उरत नसे. माधवनगरच्या एका कापड गिरणीत तो इलेक्ट्रिक खात्याचा सुपरवायझर होता. माग अडला, मोटर तापली, फ्यूज उडाला की 'शरदरावांना बोलवा' असा पुकारा व्हायचा, आणि हा खिशाला टेस्टर अडकवून असा तरातरा निघायचा, जसं काही मोटरीनं मुद्दाम त्याचीच खोडी काढली होती. बिघाड सापडेपर्यंत त्याला घास गोड लागत नसे. गिरणीत या स्वभावाचं कौतुक व्हायचं. घरच्यांना मात्र तो सोसावा लागायचा.

त्याचा खरा जीव अडकला होता फोटोग्राफीत. रविवारी गिरणीतली माणसं कुस्त्यांना जायची नाहीतर झोपायची. हा गळ्यात कॅमेरा अडकवून सायकलवर टांग टाकायचा. कधी हरिपूरला संगमावर, कधी मिरजेला सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत. एकदा तिथे वाळत टांगलेल्या भोपळ्यांचे रोलभर फोटो काढून आला, तेव्हा बायकोनं, चारुशीलेनं विचारलं, "तिथं माणसं नव्हती का हो?"

"होती की," तो म्हणाला, "पण हलत होती."

मागची न्हाणी त्यानं डार्करूमसाठी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बळकावली. झरोक्याला काळा रंग दिलेला पुठ्ठा ठोकला, बंबाच्या जागी टेबल आलं, आणि घरातली माणसं परसात पत्र्याच्या आडोशाला अंघोळ करू लागली. फोटो मोठा करायचा एनलार्जर त्यानं स्वतः केला होता. दुधाच्या पावडरीचा मोठा डबा, जुन्या प्रोजेक्टरचं भिंग, वर-खाली सरकवायला सायकलचा पाईप. त्याला गजराच्या घड्याळातून काढलेला टायमर जोडला होता. ठरलेला वेळ संपला की दिवा आपोआप खट्कन विझायचा, आणि ते बघायला तो पाहुण्यांना हाताला धरून न्हाणीत न्यायचा. उन्हाळ्यात फोटो धुण्याचं द्रावण, म्हणजे डेव्हलपर, गार राहावं म्हणून ट्रेभोवती ओतायला वडिलांच्या माठातलं पाणी जायचं. वडील, म्हणजे अण्णा, पोस्टातून निवृत्त झालेले शांत गृहस्थ. ते काही बोलत नसत. कोमट पाणी पीत.

आणि घरात होती शकुंतला, शरच्चंद्राची धाकटी बहीण. सगळे तिला शकू म्हणत. आई गेल्यापासून तिला अण्णांनी आणि त्यानंच वाढवलं होतं. वय सव्वीस, नाकीडोळी नीटस, आवाज गोड, बालमंदिरात शिकवायची. मुलं तिच्या पदराला लोंबकळत घराच्या फाटकापर्यंत यायची. पण ती सहा वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या. जीव वाचला, डोळे वाचले, गालांवर आणि कपाळावर व्रण मात्र राहिले. तेव्हा शरच्चंद्र शाळकरी पोर होता. रोज कडुलिंबाचे डहाळे तोडून आणायचा आणि दाराबाहेर बसून तिला मोठमोठ्यानं गोष्टी सांगायचा, कारण आत जायची मनाई होती. बहिणीवर त्याची माया होती यात कुणाला शंका नव्हती.

या मायेपोटीच तो रीटचिंग शिकला. निगेटिव्हवर भिंग धरायचं, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि जिथं जिथं व्रण असेल तिथं तिथं शिशाचा एकेक ठिपका ठेवायचा. निगेटिव्हवर ठिपका बसला की कागदावर ती जागा उजळते, खड्डा भरून निघतो. शकूच्या एका फोटोवर त्यानं तीन रविवार घालवले. तयार झालेला फोटो सांगलीतल्या भाऊसो स्टुडिओवाल्यांना दाखवला, तर ते उन्हात नेऊन बघत म्हणाले, "शरदराव, तुमी धंद्यात न्हाई ते बरं हाय. आमाला दुकान बंद करायला लागलं असतं." त्या रात्री शरच्चंद्राला फार छान झोप लागली.

फोटो लग्नासाठी होता हे वेगळं सांगायला नको. फोटो जायचा, लोकांना आवडायचा, ते बघायला यायचे. इथवर सगळं सुरळीत. पुढं मात्र काहीतरी बिनसायचं. इचलकरंजीची माणसं पोहे अर्धवट टाकून उठली. कऱ्हाडच्या बाईंनी तर कमाल केली. शकू समोर येऊन बसली, तशी त्यांनी पर्समधून फोटो काढला, तिच्या गालाशेजारी धरला, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं आणि अण्णांना विचारलं, "फोटोतली धाकटी का? तिला बोलवा ना." शकूनं पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "मी एकटीच आहे." बाईंनी फोटो टेबलावर उपडा ठेवला. जाताना त्या घराकडं वळून बघत गेल्या, जसं काही आतून आणखी कुणी डोकावतंय.

'लोकांना रीत नाही,' असं शरच्चंद्रानं ठरवून टाकलं. फोटोबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. फोटो चांगला होता म्हणून तर माणसं उंबऱ्यापर्यंत आली होती.

मग साताऱ्याचं स्थळ निघालं. मुलगा तिथल्या शाळेत गणित शिकवायचा, आधीची काही भानगड नाही, घरी फक्त आई. हे स्थळ आणलं वाईच्या आत्यांनी. त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला येणार होत्या. त्यांनी निरोप धाडला, की दवाखान्यातून सुटून परत जाताना शकूचा एक चांगला फोटो घेऊन जाईन आणि साताऱ्यात उतरून स्वतः देईन. अण्णा बऱ्याच दिवसांनी हसले. "हे जमलं तर बघा," असं म्हणाले आणि लगेच गप्प झाले, कारण सव्वीस हे वय किती वेगानं सत्तावीस होतं हे त्यांना ठाऊक होतं. हे हातचं गेलं तर पुढचं येईलच असं आता घरात कुणी म्हणत नव्हतं.

आधीच्या प्रतींपैकी एकही घरात सापडत नव्हती, म्हणून शरच्चंद्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्हाणीत शिरला. निगेटिव्ह गिरणीतल्या त्याच्या कपाटात कुलपात असायचं, ते आणलं होतं. लाल दिवा लावला, पाकिटातून कागद काढला, एनलार्जरखाली धरला, डेव्हलपरमध्ये सोडला. आता शकूचा चेहरा हळूहळू वर येईल म्हणून तो वाकून बघत राहिला. वर आला तो काळोख. अख्खा कागद काळाकुट्ट. दुसरा घातला, तोही काळा. तिसराही तसाच.

उजेड लागलेला कागद असाच काळा पडतो हे त्याला पक्कं माहीत होतं. पण पाकीट तर बंद होतं. काळ्या कागदाची घडी जशीच्या तशी होती. त्यानं दुकानदाराला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी सायकल हाणत मिरजेला गेला. रेल्वेचा संप नुकताच मिटला होता, मुंबईहून माल धड येत नव्हता. दुकानदारानं आतून एकच पाकीट काढून दिलं. ते शरच्चंद्रानं शर्टाच्या आत घालून आणलं, घरी आल्या आल्या त्यातला एक तुकडा तपासून बघितला. दुधासारखा पांढरा. पाकीट त्यानं न्हाणीतल्या टेबलावर ठेवलं आणि रात्रपाळीला गेला.

दोन दिवसांनी प्रिंट काढायला बसला, तर सगळे कागद काळे.

त्या क्षणी त्याच्या डोक्यात किडा शिरला. हा मालाचा दोष नव्हे. घरात कुणीतरी न्हाणीत शिरतं, पाकीट उघडतं, कागद पत्त्यांसारखे पसरून त्यांना उजेड दाखवतं आणि परत जशीच्या तशी घडी घालून ठेवतं. कुणालातरी शकूचं लग्न व्हायला नको होतं.

पहिली सापडली रंगुबाई. धुण्याभांड्याला यायची, परसातच वावर. त्यानं तिला राखेच्या ढिगाशी गाठून विचारलं, "रंगुबाई, न्हाणीत कशाला गेला होता?"

रंगुबाईनं तांब्या खाली आपटला. "आवं दादा, त्या लाल दिव्याच्या खोलीत मी कशाला पाय घालू? झाडू मारायचा तर भाईरनंच मारती. आमचा मालक म्हनतोय, तितं मानसाची सावली पान्यात बुडवून काढत्यात. मला न्हाई माजी सावली बुडवून घ्यायची!"

हे ऐकून दुसरा कुणी हसला असता. शरच्चंद्राच्या मनात आलं, उत्तर जरा जास्तच तयार होतं. तो दोन दिवस तिच्या हालचालींवर नजर ठेवून राहिला. रंगुबाईनं भांडी घासताना त्याच्याकडं पाठ करून बसायला सुरुवात केली.

मग भाऊसो. बोलायला गोड, पण शेवटी धंदेवाला माणूस. आपला स्टुडिओ असताना हौशी माणूस मुलींचे फोटो काढतो हे त्याला खुपत नसेल कशावरून? गेल्या आठवड्यात तो अण्णांना भेटायला म्हणून आला होता आणि हात धुवायला परसात गेला होता. हात धुवायला एवढा वेळ लागतो का माणसाला?

मग अण्णाही सुटले नाहीत. लेक नजरेसमोर राहावी असं त्यांना वाटत असेल तर? मागं एकदा ते म्हणालेच होते, की शकू गेल्यावर घर ओकंबोकं होईल. माठ भरायच्या निमित्तानं ते न्हाणीवरून दहा वेळा जातात. शरच्चंद्र आता बापाच्या पावलांचे आवाज मोजू लागला. पोटच्या पोराची ती नजर अण्णांना कळली असावी, कारण त्यांनी माठ उचलून ओसरीवर आणला.

पण शेवटी संशय जाऊन बसला तो चारुशीलेवर. ती पोळ्या लाटत होती, हा दारात उभा राहिला.

"शकू घरात आहे म्हणून तुझं निम्मं काम हलकं होतं, नाही का?" तो म्हणाला.

"होतं ना," ती म्हणाली. तिला वाटलं, नणंदेचं कौतुक चाललंय.

"ती गेली तर तुला जड जाईल."

चारुशीलेचं लाटणं थांबलं. "पुढचं बोला."

"पुढचं काय? मी आपलं विचारतो."

"नाही, बोला. ते कागद मी नासवले असं म्हणायचंय ना तुम्हाला? मग उद्यापासून माझ्या हातचा चहा कसा पिता तुम्ही? त्यातही काही घातलेलं असायचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढं आला, आणि शरच्चंद्राची नजर कपात क्षणभर अडकली. क्षणभरच. पण चारुशीलेनं ते बघितलं. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंही बोलेना. निरोप शकूमार्फत जायचे. "वहिनी म्हणते, पाणी तापलंय." "वहिनी म्हणते, डबा भरलाय."

शकूवर मात्र त्याचा संशय गेला नाही. जिचं लग्न, तीच कशाला मोडेल? उलट तीच एक त्याच्या बाजूनं होती. डार्करूममध्ये ट्रे हलवायला, प्रिंट धुवायला ती पहिल्यापासून त्याला मदत करायची, तिला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "दादा, जाऊ दे ना. दुकानदारानंच जुना माल दिला असेल."

"तू भोळी आहेस," शरच्चंद्र म्हणाला. "तुला माणसं कळत नाहीत."

शकू त्याच्याकडं बघत राहिली आणि मग मुलांची चित्रं तपासायला निघून गेली.

इकडं आत्यांचं ऑपरेशन झालं. सोमवारी त्या निघणार होत्या. भाऊसोंकडून मागून आणलेलं कागदाचं एक पाकीट तेवढं आता हाताशी होतं, आणि भाऊसोंनी ते हसत हसत दिलं याचाही शरच्चंद्राला संशय आलाच होता. मोटरीतला बिघाड सापडत नसला की तो मोटर चालू ठेवून बघायचा. इथंही त्यानं तेच करायचं ठरवलं. चोराला येऊ द्यायचं.

शनिवारी दुपारी सगळे झोपलेले असताना त्यानं सापळा लावला. पाकिटाखाली तांब्याच्या दोन पट्ट्या. पाकीट उचललं की पट्ट्या एकमेकींना चिकटणार, गिरणीच्या भंगारातून आणलेल्या कॉइलमधून वीज वाहणार, कॉइल कॅमेऱ्याची कळ ओढणार आणि त्याच क्षणी फ्लॅशचा बल्ब उडणार. कॅमेरा बसवला डालड्याच्या डब्यात, डब्याला भिंगापुरतं भोक. डबा फळीवर, बाकीच्या डब्यांच्या रांगेत. फ्लॅशला फळीवर जागा नव्हती, म्हणून तो बाजूच्या खुंटीवर टांगला आणि त्यावरून पंचा अर्धवट सोडला. चारदा तपासून बघितलं. इतकं सुबक काम त्यानं गिरणीतही कधी केलं नव्हतं. मालकांनी बघितलं असतं तर पगार वाढवला असता, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

रविवारी चहा पिताना त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी आष्ट्याला चाललोय. पिठाच्या गिरणीला नवं इंजिन बसवलंय, त्याचे फोटो काढायचेत. दुपार होईल."

कुणी काही विचारलं नाही. इंजिनांचे फोटो काढायला तो याहून लांब गेला होता.

आष्टा त्यानं स्वप्नातही बघितलं नाही. तो थेट सांगलीला भाऊसोंच्या स्टुडिओत जाऊन बसला, म्हणजे तो माणूस तरी नजरेखाली राहील. भाऊसोंनी दोनदा चहा पाजला, एका नवरदेवाची मान सरळ केली, एका तान्ह्या पोराला खुळखुळा वाजवून हसवलं, आणि शेवटी न राहवून म्हणाले, "शरदराव, काय काम हाय का? मगाधरनं माझ्या हाताकडंच बघताय."

"सहज," शरच्चंद्र म्हणाला. भाऊसो यादीतून गळला.

तो परत आला तेव्हा जेवणवेळ झाली होती. अण्णा ओसरीवर पेपर वाचत होते, चारुशीला वरण फोडणीला टाकत होती, शकू चटणी वाटत होती. सगळी माणसं आपापल्या जागी, आणि त्यांच्यातलंच एक चोर. न्हाणीचं दार लोटलं. पाकीट टेबलावर होतं तसंच होतं. पण फ्लॅशचा बल्ब जळून पांढरट झाला होता आणि पंचा खुंटीवरून बाजूला सारून, नीट घडी करून ठेवलेला होता.

ही घडी बघून तो चक्रावला. चोर पंचाची घडी घालतो? आणि फ्लॅश उडाल्यावर चोराला कळलंच असणार की आपण पकडलो गेलो. ज्याला कागदाला उजेड दाखवता येतो, त्याला कॅमेऱ्याचं झाकण उघडून फिल्मला उजेड दाखवणं काय अवघड? तरी डबा जागेवर होता आणि फिल्म शाबूत होती. म्हणजे यात काहीतरी डाव होता. तो जेवायलाही बसला नाही. दार आतून लावून त्यानं फिल्म धुतली, हायपोत बुडवून पक्की केली आणि दिवा लावून वर धरली.

एकच फ्रेम होती. बाई होती एवढं पहिल्या नजरेला दिसलं, आणि 'चारू!' असं त्याच्या मनात उमटलंसुद्धा. मग त्यानं भिंग लावलं.

शकू होती.

आणि ती दचकलेली नव्हती. निगेटिव्ह वाचायची त्याला सवय होती, काळ्याचं पांढरं डोळ्यांतच व्हायचं. ती सरळ भिंगात बघत होती. डालड्याच्या डब्याच्या भोकात. केस नीट विंचरलेले, पदर खांद्यावरून नीट घेतलेला. पाकिटाच्या ज्या बाजूला माणूस साहजिक उभा राहील तिथं ती उभी नव्हती. एक पाऊल डावीकडं सरकली होती, फ्लॅशचा उजेड चेहऱ्यावर पडावा म्हणून. तिनं सापळा आधी बघितला होता. पट्ट्या, तार, डबा, सगळं ओळखलं होतं. पंचा आड येतो म्हणून बाजूला केला होता. मग जागा घेऊन उभी राहिली होती आणि मगच पाकीट उचललं होतं.

पाकिटातला एक कागद त्यानं लाल दिव्यात काढून डेव्हलपरमध्ये टाकून बघितला. पांढरा राहिला. या वेळी तिनं पाकीट उघडलंच नव्हतं.

फिल्म वाळेपर्यंत तो न्हाणीत उकिडवा बसून राहिला. मग दार उघडून हाक मारली, "शकू, इकडं ये."

ती हात पुसत आली. चारुशीला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, पण पुढं आली नाही.

"तूच?" त्यानं विचारलं.

"मीच."

"मग आधी का नाही बोललीस? मी त्या रंगुबाईला विचारलं. अण्णांवर नजर ठेवली. चारूला नको नको ते बोललो."

"बोलले होते दादा. इचलकरंजीची माणसं गेली तेव्हा म्हटलं होतं, मला असा फोटो नको. तू म्हणालास, तुला त्यातलं कळत नाही."

हे त्याला आठवेना. म्हणजे ती खरंच म्हणाली असणार आणि त्यानं ऐकलंच नसणार.

"पण का? एवढा चांगला फोटो..."

"कऱ्हाडच्या बाईंनी फोटो माझ्या गालाला लावून बघितला. तू तिथंच होतास."

"त्या बाईला अक्कल नव्हती!"

"त्यांना डोळे होते," शकू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्या वाईट नव्हत्या रे. त्यांना वाटलं आपल्याला फसवलं. आणि फसवलंच होतं की आपण. लबाड कोण, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. तुझ्याकडं एकानं तरी बघितलं का? पंधरा दिवस तू या घरात सगळ्यांवर संशय घेतलास, तर वहिनीच्या घशाखाली घास उतरत नाही. मी दोन वर्षं आलेल्या प्रत्येक माणसाच्या नजरेत तोच संशय बघतेय. नवीन साडी नेसून, पोहे हातात घेऊन."

आपण बिघाड सगळीकडं शोधला आणि तो आपल्याच हातात होता, हे शरच्चंद्राला लख्ख दिसलं. व्रण तिला कधीच नको झाले नव्हते. ते नको झाले होते त्याला. दाराबाहेर बसून गोष्टी सांगणाऱ्या पोराला ते बघवले नव्हते, आणि ते पोर मोठं होऊन पेन्सिल घेऊन बसलं होतं.

"तुझं चांगलं व्हावं म्हणूनच केलं गं," तो कसाबसा म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर कागद नासवत बसले. नाहीतर तुझा एनलार्जरच नसता फोडला?"

दारातून चारुशीला फिस्कन हसली आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. शरच्चंद्र तिच्याकडं वळला. "चारू, माझं चुकलं," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं तिला पहिल्यांदा ऐकवलं. ती म्हणाली, "ते नंतर बघू. आधी तिचं ऐका."

"आत्यांना आजचा फोटो द्यायचा," शकू म्हणाली. "डब्यातला."

"अगं, पण त्यात पाकीट आहे हातात, मागं ट्रे..."

"चेहरा तेवढा मोठा कर. तुला येतं ते."

"सातारकर नाही म्हणाले तर?"

"तर साताऱ्यातच म्हणतील. इथं येऊन, माझ्यासमोर बसून, पर्स उघडून तरी नाही म्हणणार. आणि आले, तर मला बघायला येतील."

त्यानं दार लावून घेतलं, लाल दिवा लावला. शकू नेहमीसारखी ट्रेपाशी उभी राहिली. त्यानं निगेटिव्ह एनलार्जरमध्ये सरकवलं आणि त्याचा डबा पाईपवरून वर वर नेला, तसा पांढऱ्या पाटावर तिचा चेहरा मोठा होत गेला. फ्लॅश बाजूला टांगलेला होता. बाजूचा उजेड काही लपवत नाही. एकूण एक व्रण त्यात होता, आणि त्यांच्यामधून ते दोन डोळे समोर बघत होते. इतका जिवंत फोटो त्याच्या हातून आजवर निघाला नव्हता, आणि तो त्यानं काढलेलाही नव्हता.

कागद लावला. टायमरची किल्ली दिली. दिवा लागला, घड्याळ टिकटिकू लागलं.

उजेडात एखाद्या जागेवर हात धरला तर तिथं कागद कमी काळा होतो. खड्ड्यांची सावली फिकी पडते. हे फोटो काढणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं, त्यासाठी पेन्सिल लागत नाही. शरच्चंद्राच्या मनात तसं काहीही नव्हतं. पण त्याचा उजवा हात उठला, भिंगाखाली गेला, बोटं पसरली आणि शकूच्या डाव्या गालावर अलगद सावली धरून हलू लागली.

शकूनं त्याचं मनगट पकडलं.

त्यानं दचकून आधी आपल्या हाताकडं बघितलं आणि मग तिच्याकडं. तिनं मनगट सोडलं नाही.

"हा कागद गेला," तो हळूच म्हणाला. "दुसरा लावतो."

त्यानं दुसरा कागद लावला, किल्ली दिली, दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट धरले आणि दिवा विझेपर्यंत बहिणीच्या चेहऱ्याकडं बघत उभा राहिला.